तिरप्या रेघेनंतरचं अक्षर

आमची खूण: बॉ/बॉ
ब्रेम्सफेल्डे, मंगळवार, १७ जून २०१४

प्रिय फोल्कमार,

वरची खूण वाचून मी तोतरा झालो असं समजू नकोस. तुझ्या कचेरीतून निघणाऱ्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर अशीच खूण असायची, आणि जुन्या गोष्टींचा मान राखावा असं तूच तुझ्या भाषणांतून आम्हाला सात वर्षं सांगत होतास. माझं हस्ताक्षर ताडपत्रावर खपून जातं, कागदावर खपत नाही, म्हणून पत्र टंकून पाठवतो आहे. तुझं मात्र हाती लिहिलेलं होतं. जाड निब, निळी शाई, ओळी अगदी सरळ. अठरा वर्षांत नाताळची छापील कार्डं तेवढी येत राहिली, शेवटची सात मंत्रालयाच्या शिक्क्याची. तुझ्या स्वतःच्या शाईतलं हे पहिलंच. पाकिटावर "माझ्या प्रिय संस्कृत पंडितास" असं लिहिलं होतंस. पोस्टमननं दाराशी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला क्षणभर आपण हयात नसल्यासारखं वाटलं.

काम काय ते कळलं. ब्रेम्सफेल्डेची नगरपरिषद परवा, गुरुवारी, तुला गावाचा मानद नागरिक करायचं की नाही यावर मत घेणार आहे. शेगड्यांचा कारखाना होता त्या जागेवर आता जो चौक झाला आहे, त्यालाही तुझं नाव द्यायचं घाटत आहे. परिषदेच्या नियमाप्रमाणे तिघांची लेखी साक्ष लागते: तरुणपणीचा एक मित्र, हाताखाली काम केलेलं एक माणूस, आणि ज्याचं तू भलं केलंस असं कुणी एक. या तिन्ही साक्षी भर सभेत वाचून दाखवायच्या असतात. भलं झालेले म्हणून तू कारखान्यात भट्टीवर काम केलेल्या म्हाताऱ्या कुबित्झांना धरलंस, ते योग्यच केलंस. मित्र म्हणून मला धरलंस. आणि हाताखालचं माणूस म्हणून माझ्या धाकट्या बहिणीला, वीब्केला. तू लिहितोस, "तिच्याही चार ओळी तूच लिहून टाक. तुला शब्द सुचतात. तिची नुसती सही घे."

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. आमच्या धंद्यात एखादं वाक्य तीनदा वाचावं लागलं की त्यावर भाष्य लिहायची पद्धत आहे. हे पत्र ते भाष्य समज. भाष्य मुळापेक्षा लांब असतं, याची तुला त्या सायकलदुकानाच्या वरच्या खोल्यांपासून कल्पना आहे.

त्या खोल्या आठवतात ना? तिसऱ्या खोलीत तो भूगर्भशास्त्रवाला राहायचा, ज्याच्या दगडांना शेल्फ होतं आणि आपल्या ताटांना नव्हतं. तू कायदा शिकत होतास, मी संस्कृत. रोज सकाळी राय धान्याच्या पावावर डुकराच्या कच्च्या खिम्याचा थर देत तू मला विचारायचास की या मेलेल्या भाषेचा उपयोग काय, आणि मी तुला विचारायचो की तुझ्या जिवंत भाषेतला एक परिच्छेद तरी मला कळेल असा आहे का. माझ्याकडून तू एकच गोष्ट शिकलास, पण ती पक्की शिकलास. एकदा मी तुला व्याजस्तुती म्हणजे काय ते सांगितलं. वरून स्तुती, आतून निंदा. कौतुकाच्या हातमोज्यातली चपराक. तू हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात आलास. म्हणालास, हा तर आमच्याकडे अलंकार नाही, कायदा आहे.

आणि तू मला नोकरी सोडणाऱ्याला मिळणाऱ्या दाखल्याची गंमत सांगितलीस. कायदा म्हणतो, दाखला खरा हवा आणि सद्भावनेचाही हवा. माणूस वाईट असेल तर या दोन्ही गोष्टी एका कागदावर मावत नाहीत. म्हणून मालक लोकांनी एक भाषा तयार केली. "त्यांनी सदैव प्रयत्न केला" म्हणजे एकही काम धड झालं नाही. जिथे "प्रामाणिक" लिहायला हवं तिथे तो शब्दच नसला, तर माणूस चोर. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ असते, गेल्याचा खेद, केल्याचे आभार, पुढच्यासाठी शुभेच्छा. जाणकार वाचणारा ती ओळ आधी बघतो. ती नसली की पुढचं वाचायचं कारण उरत नाही. मला फार आनंद झाला होता, फोल्कमार. स्वतःला तोंडावर स्पष्ट बोलणारा समजणारा अख्खा देश व्यंग्यार्थात पत्रव्यवहार करतो, आणि मी मात्र ध्वनी शोधायला ताडपत्रं चाळत बसलो होतो.

पुढे तू ब्रेम्सफेल्डेत, कारखान्यासमोरच्या इमारतीत, कामगारांचा वकील म्हणून पाटी लावलीस. पहिली नेमणूक वीब्केची, माझ्याच शब्दावर. ती तेव्हा बावीस वर्षांची. मिनिटाला चारशे ठोके, एक चूक नाही. पुदिन्याच्या चहाचा थर्मास आणि लाल शाईचं पेन, एवढाच तिचा संसार तुझ्या कचेरीत होता. तू तिला अकरा वर्षं "बॉसेलमानबाई" म्हणालास, ती तुला "डॉक्टरसाहेब". "तुम्ही"वरून "तू"वर यायची पाळी तुमच्यात कधी आली नाही. वयानं आणि हुद्द्यानं मोठा तू, त्यामुळे पहिल्यांदा "तू" म्हणायला हवं होतंस तूच. पत्रांवर तुमची खूण असायची "रा/बॉ". डावीकडे राडेमाखर, मोठ्या अक्षरात. मग तिरपी रेघ. मग बॉसेलमान, लहान अक्षरात. डावीकडचा बोलतो, उजवीकडचा टंकतो. पत्र आलेला माणूस डावीकडचं अक्षर वाचतो. उजवीकडचं कुणी वाचत नाही, कारण तिथे कुणी आहे असं कुणाच्या मनात येत नाही.

तिची खरी कामगिरी मात्र मुदतवही. वकिलाच्या कचेरीत देवाच्या पुस्तकाखालोखाल मान असतो तो या वहीला, आणि चुकलं तर शिक्षा जास्त तातडीची. कुठलं अपील कुठल्या तारखेपर्यंत, कुठला जबाब कधी, एकेक ओळ लाल शाईत, आठवडाभर आधीच्या इशाऱ्यासकट. आता १९९६ सालाकडे येऊ. कारखाना बंद पडला, एकशे त्रेसष्ट माणसं घरी बसली, खालच्या न्यायालयात तू हरलास. अपिलाला एक महिना. वहीत वीब्केनं लिहिलं होतं, सोमवार, १७ जून.

तुझ्या आयुष्याचा कळस या तारखेवर उभा आहे, म्हणून जरा थांबतो. आपल्या लहानपणी १७ जून म्हणजे सुट्टी. पूर्व जर्मनीतल्या उठावाची आठवण म्हणून शाळा बंद, कचेऱ्या बंद, खिडकीत मेणबत्त्या. मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर ती एक दिवस पुढे जाते, हे तुला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. देश एक झाला आणि ती सुट्टी गेली, ऑक्टोबरात नवी आली. नव्या सुट्टीबद्दल ब्रेम्सफेल्डेच्या नगरभवनाच्या पायऱ्यांवर भाषण कुणी केलं होतं? तूच. टाळ्या वाजवायला मीही होतो. सहा वर्षांनी देशाला सवय झाली होती, तुझ्या डोक्याला नाही. शनिवार, रविवार आणि तुझ्या मनातला तो सोमवार, असे तीन दिवस तू पक्षाच्या मंडळींबरोबर तलावावर शिडाच्या होडीत होतास. अपील टंकून तयार होतं. फक्त सही राहिली होती. सोमवारी वीब्केनं तुझ्या घरी पाच वेळा फोन लावला. कुणी उचलला नाही.

मंगळवारी सकाळी तू उन्हानं लालबुंद होऊन कचेरीत आलास आणि तिनं तुला वही दाखवली. वकील तारीख चुकला तर न्यायालय दार लावून घेतं. पण चूक कारकुनाची असेल, आणि तो कारकून नीट शिकलेला, नेहमी भरवशाचा, पहिल्यांदाच चुकलेला असेल, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. म्हणजे चूक खालच्याची असावी लागते, आणि ती आयुष्यात एकदाच झालेली असावी लागते. त्या वहीतलं पान तिच्याच हातानं पुन्हा लिहिलं गेलं. आपल्याकडे सातच्या पोटात आडवी रेघ असते, त्याचा आठ करता येत नाही, म्हणून अख्खं पान नव्यानं लिहावं लागलं. एकवीस ओळी खऱ्या, एक खोटी. मग प्रतिज्ञापत्र: तारीख मी चुकीची लिहिली. ती सही करायला तयार नव्हती. तेव्हा तू तिला म्हणालास, "बॉसेलमानबाई, तुमच्या एका सहीवर एकशे त्रेसष्ट घरं उभी आहेत." तुझी राजकारणातली पहिली जाहीर सभा मी तीच मानतो. श्रोता एक, मत एक, आणि तू निवडून आलास.

अर्जात तू तिच्याबद्दल जे लिहिलंस ते तुझ्या लेखणीतलं सर्वोत्तम आहे. मंत्री म्हणून इतकं चांगलं तू काही लिहिलं नाहीस. "श्रीमती बॉसेलमान यांच्या हातून अकरा वर्षांत एकही चूक झालेली नाही. त्यांची सचोटी, काटेकोरपणा आणि संयम हे कुठल्याही कार्यालयाला भूषण ठरावेत असे आहेत." न्यायालयाला ते पटलं. विलंब माफ झाला, अपील उभं राहिलं, तू जिंकलास. कुबित्झांनी तुला खांद्यावर घेतलेला फोटो वर्तमानपत्रात आला, पुढे तो तुझ्या प्रचारपत्रकावर आला, आणि मग तुझ्या मंत्रालयातल्या खोलीत चौकटीत लागला. दोन वर्षांत संसद, त्यानंतर काही वर्षांनी कामगार खातं. तुझी ती "ज्यांची नावं कुणी वाचत नाही अशा हातांना" उद्देशून केलेली भाषणं वीब्के दूरचित्रवाणीवर नेमानं ऐकायची. इस्त्री करताना.

पण मुदत चुकवणारी बाई कचेरीत ठेवली, तर पुढची चूक वकिलाची धरली जाते. जुलैत तू तिला निरोप दिलास, अगदी सौम्यपणे, फुलांसकट. त्याच महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी तुझ्याकडे आलो होतो. तुझ्या बायकोनं चेरीचा केक केला होता. तू मला एक कोडं घातलंस: एखादी बाई पिते, हे दाखल्यात कसं लिहावं की वाचणाऱ्याला कळेल आणि न्यायालयाला काही धरता येणार नाही? मी दुसरा तुकडा संपेपर्यंत विचार केला. आणि वाक्य दिलं: "आपल्या मनमिळाऊ व मैफलप्रिय स्वभावाने कार्यालयातील वातावरण प्रसन्न राखण्यास त्यांनी अनवरत हातभार लावला." सुरुवात कामचलाऊ आहे, अशी वाक्यं बाजारात मिळतात. खरी कामगिरी "अनवरत" ही. अखंड, खंड न पडता, घोट घोट. तू टाळी वाजवलीस आणि मला केकचा तिसरा तुकडा दिलास. कोणासाठी, हे मी विचारलं नाही. कर्म अध्याहृत ठेवायची आम्हाला सवय असते.

ऑगस्टात वीब्के माझ्याकडे आली. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला दाखला तिनं माझ्या हातात दिला. म्हणाली, बघ, किती छान लिहिलंय त्यांनी. मी वाचलं. तिसऱ्या ओळीत माझं "अनवरत" मला भेटलं. खाली शेवटची ओळ नव्हती. खेद नाही, आभार नाहीत, शुभेच्छा नाहीत. सही तुझी, निळी. तिला सांगायचं तर आधी हे वाक्य कुणी केलं ते सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "छान आहे." फोल्कमार, मी आयुष्यात लिहिलेल्या टीकांची छापील पानं दोन हजारांवर जातील. त्या सगळ्यांपेक्षा हे दोन शब्द जास्त वाचले गेले आहेत, कारण मी ते रोज वाचतो.

पुढचं तुला माहीत नसेल, मंत्रालयापर्यंत असल्या फायली जात नाहीत. तिनं एकसष्ट ठिकाणी अर्ज केले. मुलाखतीला बोलवायचे, दाखला वाचायचे आणि मग फार प्रेमानं विचारायचे, पाणी घेणार का, नुसतं पाणी. रोजगार कचेरीतल्या एका दयाळू बाईनं दार लोटून तिला व्यसनमुक्तीच्या मंडळाचा पत्ता लिहून दिला, आणि यात लाजण्यासारखं काही नाही असंही सांगितलं. गाव लहान. गावच्या नेमबाज मंडळाच्या जत्रेत ती लिंबूपाण्याचा पेला घेऊन उभी राहिली की लोक पेल्याकडे बघायचे, मग एकमेकांकडे. नाताळात वर्षातून एकदा ती ग्लासभर वाइन घ्यायची, ती तिनं बंद केली. न पिणाऱ्या बाईनं दारू सोडली, असं झालं. आणि त्याचाही गावानं पुरावाच मानला: बघा, आता एक थेंबही घेत नाही, म्हणजे किती वाढलं असेल. गेली सतरा वर्षं ती वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात आहे. म्हाताऱ्यांच्या बनियनला आतून नावाच्या पट्ट्या शिवते, बदलाबदल होऊ नये म्हणून. तिथेही तिच्या हातून आजवर चूक नाही.

आता तुझ्या मागणीवर आलो. तुझं पत्र वाचून मी काय केलं ते कबूल करतो: मला आनंद झाला. वाटलं, अठरा वर्षांनी परतफेडीची संधी आली. तिच्या नावानं चार ओळी लिहायला मी बसलो, आणि अशा लिहिल्या की नगरभवनातल्या कुठल्याही कारकुनाला कळाव्यात. "डॉ. राडेमाखर यांनी सोपवलेली कामे पार पाडण्याचा सदैव प्रयत्न केला. सहकाऱ्यांवर जबाबदारी सोपवण्यात त्यांचा हातखंडा होता. आपले हित त्यांनी अनवरत जपले." शेवटी शुभेच्छा नाहीत. पाठ थोपटून घ्यावी असा मजकूर होता. परवा रविवारी तो खिशात घालून मी तिच्या दोन खोल्यांच्या घरी गेलो, सही घ्यायला. नुसती सही. तू सांगितलंस तशीच.

तिनं चष्मा लावला. छापायला जाणारा मजकूर वाचावा तसा, बोट ओळीखाली धरून, वाचला.

"अनवरत काढ," ती म्हणाली. "त्यावरून तू ओळखू येतोस."

मी विचारलं, म्हणजे काय. तिनं चष्मा काढला, काचा पुसल्या.

"माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या कार्डावर असतो तो शब्द, हिनर्क. डॉक्टरसाहेबांनी अकरा वर्षांत एकदाही वापरला नव्हता. त्यांचं सगळं मीच टंकायचे."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"असले दाखले मी साठ-सत्तर तरी टंकले असतील. रा तिरपी रेघ बॉ. तुम्हा दोघा विद्वानांना काय वाटलं, टंकणारीला वाचता येत नाही?"

मग मी तो प्रश्न विचारला जो विचारायला नको होता. कळलं होतं तर मला कशाला दाखवलास, कौतुकानं.

"तू काय म्हणतोस ते बघायचं होतं," ती म्हणाली. पुदिन्याचा चहा गाळून झाल्यावर तिनं कप माझ्यापुढे सरकवला. "तू म्हणालास, छान आहे."

तिनं कोर्टात जाऊन दाखला का बदलून घेतला नाही, हे मी विचारलं नाही. त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. दाखल्याचा धागा ओढला असता तर प्रतिज्ञापत्र उसवलं असतं. खोटी प्रतिज्ञा केल्याबद्दल तुरुंग तिला झाला असता. आणि एकशे त्रेसष्ट घरं होतीच. ती सगळी घरं तिनं एकटीनं, अठरा वर्षं, तोंड मिटून धरली, आणि चौकाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा गावाला तू आठवलास.

माझा मजकूर तिनं फाडला नाही. दुमडून माझ्या वरच्या खिशात परत ठेवला, धोबीखान्यात घडी करतात तशी घडी करून. म्हणाली, एकदा तुझ्या शब्दांवर त्यांनी सही केली, आता माझी नको. मग तिनं कपाटातून ते जुनं प्लॅस्टिकचं पाकीट आणलं. पुढे दाखला. त्याच्यामागे तुझ्या विलंब माफीच्या अर्जाची कार्बन प्रत, तिच्या सचोटीबद्दलच्या त्या सुंदर परिच्छेदासह. दोन्हींवर तुझी निळी सही, मध्ये पाच आठवड्यांचं अंतर. एकात तिच्यासारखी बाई भूषण ठरावी अशी, दुसऱ्यात पिणारी, म्हणजे उद्या तिनं तोंड उघडलं तरी कुणी खरं मानू नये. आणि या दोन्हींच्या मागे, चौपदरी घडीत, मुदतवहीचं मूळ पान. बावीस ओळी, सगळ्या खऱ्या. लाल शाईत, पोटात आडवी रेघ असलेला सात. तू तिला ते जाळायला सांगितलं होतंस. तिनं का ठेवलं म्हणून मी विचारलं. म्हणाली, अक्षर चांगलं आलं होतं.

काल सकाळी तिनं हे तिन्ही कागद नगरभवनात हाताने नेऊन दिले, पोच घेऊन. सोबत साक्षीदाखल एकच ओळ, स्वतः टंकलेली: "डॉ. राडेमाखर यांच्याकडील माझ्या सेवेविषयी त्यांचेच शब्द सोबत जोडले आहेत; मला भर घालायची नाही." नियमाप्रमाणे ते भर सभेत वाचून दाखवावे लागणार. मित्राची साक्षही मी तिच्यासमोर बसून लिहिली आणि दिली: त्या दाखल्यातलं तिसरं वाक्य माझं आहे, ते मी केकच्या मोबदल्यात दिलं, आणि मागाहून ओळखूनही गप्प राहिलो, असं मी प्रतिज्ञेवर नमूद करतो. विद्यापीठातले माझे जे दोन विद्यार्थी अजून संस्कृत शिकतात, त्यांना आता व्याजस्तुतीचं उदाहरण घरचंच मिळेल. तिच्या प्रतिज्ञापत्राबद्दल फौजदारी कारवाई करायची मुदत कधीच संपली आहे. तुझीही संपली आहे. मुदतींशी तुझं नातं कायम चांगलं राहिलं, आजची एक वगळता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो, म्हणजे मी नाही, तिनं का लिहवून घेतलं. मी बोलतो आहे आणि ती टंकते आहे, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कचेरीतून तू तिला भेट दिलेल्या त्या जुन्या यंत्रावर. वरच्या खुणेतला तिरप्या रेघेनंतरचा बॉ, तो लहान, ती आहे. "छान आहे" आलं तेव्हा मी थांबलो, तिची बोटं थांबली नाहीत. ठोके अजून तेवढेच पडतात. उमेदवारानं स्वतःहून नाव मागे घेतलं तर साक्षी न वाचता परत करतात, हेही नियमात आहे, आणि तुला ते कळवणं न्यायाचं होईल असं तिचं म्हणणं पडलं. नाव मागे घ्यायची मुदत आज, मंगळवार १७ जून, संध्याकाळी पाचपर्यंत. पोस्टाची पेटी इथे पावणेपाचला रिकामी होते, म्हणजे हे पत्र तुला उद्या, अठरा तारखेला, मिळेल. तुला फोन करावा का, असं मी विचारलं. तिनं रिसीव्हरला हात लावला आणि काढून घेतला. म्हणाली, तेव्हा पाच वेळा लावला होता. विलंब माफीचा अर्ज तुला करता येईल, पण त्यात चूक कुणाची ते लिहावं लागतं, आणि या वेळी वहीत तारीख बरोबर आहे. शेवटची ओळ मी सांगितली होती, खेदाची, आभाराची, शुभेच्छांची. ती तिनं टंकली नाही.

तुझाच,
हिनर्क